शेडमधली जुनी स्पोर्ट्स कार, व्हिंटेज नोंदणी आणि इंजिन नंबरचा घोळ

पाना हातात घेण्याआधी आरसी बुक हातात घ्या. वीस-पंचवीस वर्षं शेडमध्ये उभी असलेली गाडी मिळाली की पहिला मोह होतो तो इंजिन डिझेलने धुऊन, तारेच्या ब्रशने घासून, वर रंग मारून चकाचक करण्याचा. कुठला भाग गाडीचा मूळचा आणि कुठला मागाहून बसवलेला, हे ज्यावरून कळतं ते सगळं त्या घासण्यात जातं. मग आरटीओत इन्स्पेक्टर नंबर विचारतो आणि मालक मेस्त्रीकडे बघतो.

नियम थोडक्यात असा. 15 जुलै 2021 च्या अधिसूचनेने केंद्रीय मोटार वाहन नियमांत व्हिंटेज वाहनांच्या नोंदणीची तरतूद आली. दुचाकी किंवा चारचाकी, पहिल्या नोंदणीपासून 50 वर्षं झालेली, मूळ स्वरूपात राखलेली, आणि चासी, बॉडी शेल किंवा इंजिन यांत फेरफार करणारी मोठी दुरुस्ती न झालेली. आयात केलेली गाडीही यात बसते. अर्ज नमुना 20 मध्ये. सोबत विमा पॉलिसी, शुल्क, गाडी भारतात आधी नोंदलेली असेल तर जुनं आरसी, बाहेरून आणली असेल तर कस्टम्सचं बिल ऑफ एंट्री. नव्या नोंदणीचं शुल्क 20,000 रुपये, पुढच्या फेरनोंदणीचं 5,000. नोंदणी 10 वर्षांची. जुना नंबर असेल तर तोच ठेवता येतो. नवा घेतला तर राज्याच्या अक्षरांनंतर ‘व्हीए’ ही अक्षरं, मग दोन अक्षरांची मालिका आणि चार आकडे.

हे वाचायला दोन मिनिटं लागतात. अर्ज अडतात ते पुढच्या गोष्टींवर.

50 वर्षं कुठून मोजायची

पहिल्या नोंदणीच्या तारखेपासून. गाडी कारखान्यातून निघाली त्या वर्षापासून नव्हे. 1974 साली बनलेल्या गाडीची पहिली नोंदणी 1977 ची असेल, तर तिची पन्नाशी 2027 मध्ये भरते. या तीन वर्षांवरून मी लोकांना खिडकीशी हुज्जत घालताना पाहिलंय, आणि त्यात खिडकीपलीकडचा माणूस बरोबर होता. (एरवी तो बरोबर असतो असं माझं म्हणणं नाही.)

दुसरी गल्लत 60 दिवसांची. ही मुदत नोंदणी प्रमाणपत्र देण्यासाठी कार्यालयावर आहे, अर्जदारावर नाही. ‘साठ दिवसांत अर्ज करायचाय’ म्हणून घाईघाईने अर्धवट कागद घेऊन धावू नका. उलट पूर्ण अर्जाची पोच जपून ठेवा, साठावा दिवस तुम्हालाच मोजायचा आहे.

इंजिन कोणाचं?

खरा घोळ इथे आहे. आपल्याकडे परदेशी स्पोर्ट्स कारला पार्ट मिळणं वर्षानुवर्षं मुश्कील होतं. इंजिन गेलं की जे बाजारात मिळे ते बसे, आणि त्याबद्दल कोणाला दोष देण्यात अर्थ नाही. गाडी चालती राहिली ती त्यामुळेच. पण आरसीवर जुनंच इंजिन राहिलं.

माझ्या ओळखीच्या एका गृहस्थांनी 1965 ची एमजीबी, म्हणजे एमजी कंपनीची ब्रिटिश स्पोर्ट्स कार, घेतली. आरसीवर 1798 सीसी. इंजिनवरच्या पट्टीचा नंबर आरसीशी अक्षर न् अक्षर जुळत होता, त्यामुळे सगळे निर्धास्त. तरी मेस्त्रीने खात्री म्हणून स्पार्क प्लग काढला, भोकातून सायकलच्या चाकाची तार आत सोडली, क्रँक हाताने फिरवला आणि तार किती वर येते ते मोजलं. साडेतीन इंच. “बरोबर आहे साहेब, ओरिजिनल.” पुढे हेड उघडलं तेव्हा बोअर, म्हणजे सिलिंडरचा व्यास, निघाला 73 मिलिमीटर. एमजीबीचा असतो 80.26.

म्हणजे ते इंजिन अ‍ॅम्बेसेडरचं होतं. दोन्ही बीएमसीच्या (ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनच्या) ‘बी’ मालिकेतली, एकाच घराण्यातली. अ‍ॅम्बेसेडरचं 1489 सीसी आणि एमजीबीचं 1798 सीसी, पण स्ट्रोक (पिस्टनची वर-खाली चाल) दोन्हींचा 88.9 मिलिमीटर, म्हणजे बरोब्बर साडेतीन इंच. फरक फक्त बोअरमध्ये. त्यामुळे तारेने मोजून काहीच सिद्ध होत नव्हतं. आणि नंबरची पट्टी? या इंजिनांवर नंबर ब्लॉकच्या उजव्या बाजूला रिव्हेट केलेल्या पट्टीवर असतो. रिव्हेट उडवले की पट्टी सुटते, दुसऱ्या ब्लॉकवर चढते. कोणीतरी पूर्वी तेच केलं होतं. कागदोपत्री गाडी निर्मळ, प्रत्यक्षात पोटात दुसऱ्याचं काळीज.

म्हणून पट्टीवर भरवसा ठेवू नका, पण ती वाचायला मात्र शिका. एमजीबीच्या इंजिन नंबराची सुरुवात सुरुवातीच्या गाड्यांत 18जी किंवा 18जीए असते. 1964 च्या अखेरीस पाच मेन बेअरिंगचं इंजिन आलं, त्याची 18जीबी. 1965 च्या गाडीत 18जीए दिसलं तर प्रश्न विचारायचा. चासी नंबर जीएचएन3 असा सुरू होतो: जी म्हणजे एमजी, एच म्हणजे 1400 ते 1999 सीसीचा वर्ग, एन म्हणजे दोन आसनी उघडी गाडी, 3 ही मालिका. एन च्या जागी डी असेल तर ती छपराची जीटी. आरसीवर कारकुनाने एच चा एम केलेलाही मी पाहिलाय. अशी चूक आधी दुरुस्त करून घ्या, व्हिंटेजच्या अर्जासोबत ती निस्तरायला जाऊ नका.

बाकीच्या बदललेल्या भागांचं काय? 1967 ही एमजीबीसाठी सोयीची रेघ आहे. त्याआधीच्या गाडीत पहिल्या गिअरला सिंक्रोमेश नाही, अल्टरनेटर नाही तर डायनॅमो आहे, आणि बॅटरीचं अर्थिंग पॉझिटिव्ह आहे, म्हणजे तिचं अधिक टोक बॉडीला जोडलेलं. 1965 च्या गाडीत पहिला गिअर चालत्या गाडीत अलगद पडला, तर गिअरबॉक्स नंतरचा. (अर्थिंग तपासल्याशिवाय बॅटरी जोडू नका, वायरिंगचा धूर आरटीओत पोचण्याआधीच निघेल.) नियमात नाव चासी, बॉडी शेल आणि इंजिनाचं आहे. गिअरबॉक्स किंवा डायनॅमो बदलला एवढ्याने अर्ज गेलाच असं समजू नका. पण ‘मूळ स्वरूपात’ हे शब्द मोठे लवचिक आहेत, ते ताणायचे की नाही हे समोरच्याच्या हातात. म्हणून बदललेल्या भागांची यादी फोटोंसह तुम्हीच आधी जोडा. लपवलेली गोष्ट त्यांनी शोधली की मग सगळीच गाडी संशयित ठरते.

चासी नंबर घासून गेलाय म्हणून गॅरेजमध्ये पंच मारून घेऊ नका. हे हात जोडून सांगतो. एमजीबीला वेगळी चासी नाही, बॉडीच सगळं वजन पेलते आणि नंबर बॉनेटखालच्या पट्टीवर असतो. इन्स्पेक्टरला याची सवय नसेल तर तो फ्रेमवर नंबर शोधेल, न सापडल्यावर वैतागेल. तेव्हा शांतपणे पट्टी दाखवा आणि पेन्सिलीचा छाप तिथूनच घ्यायला सांगा. नवा पंच मारलेला नंबर मात्र चोरीच्या गाडीची खूण समजला जातो, आणि तिथून पुढचा प्रवास पोलीस ठाण्याच्या आवारात होतो.

मूळ नंबर काय होते हे पडताळायला एक चांगली सोय आहे. इंग्लंडमधल्या गेडन इथलं ब्रिटिश मोटर म्युझियम एमजी, ट्रायम्फ, ऑस्टिन-हीली वगैरे गाड्यांचा कारखान्याच्या नोंदींवरून हेरिटेज दाखला देतं. त्यावर चासी नंबर, इंजिन नंबर, मूळ रंग, गाडी बनल्याची तारीख आणि ती कुठे रवाना झाली हे मिळतं. आरटीओने मागितलेल्या कागदांत तो नाही, पण वादात वजन पडतं. फक्त त्यावरची तारीख कारखान्याची असते. 50 वर्षं त्यावरून मोजायला गेलात तर वरचीच हुज्जत पुन्हा सुरू.

जो कागद कोणाकडेच नसतो

शेडमधल्या गाडीचा नोंदणीकृत मालक बहुधा हयात नसतो. आरसी त्याच्या नावावर, गाडी पुतण्याकडे, आणि मधल्या कोणा एकाने कोऱ्या फॉर्मवर सही घेऊन ‘विकत’ घेतलेली. ही साखळी आधी जोडावी लागते. वारसाने मालकी हस्तांतराचा नमुना 31 भरायचा, मृत्यूचा दाखला, वारसाचा पुरावा. इतर वारसांची ना हरकत प्रतिज्ञापत्रावर घेऊन ठेवा, नंतर भांडण उभं राहत नाही. आरसीच हरवलं असेल तर पोलिसांत तक्रार आणि दुय्यम प्रतीसाठी नमुना 26.

जुने बीएम, एमआर, एमएम मालिकांतले नंबर ऑनलाइन शोधलेत तर बऱ्याचदा काहीच येत नाही. गाडी बेवारस आहे असा त्याचा अर्थ नाही. नोंद अजून जाडजूड रजिस्टरात आहे, संगणकात चढलेली नाही, इतकंच. जिथे नोंदणी झाली त्याच कार्यालयात जाऊन बॅकलॉग एंट्री करून घ्यावी लागते. रजिस्टर ‘सापडत नाही’ असं पहिल्या दिवशी सांगतातच. लेखी अर्ज द्या, पोच घ्या. लेखी अर्जानंतर रजिस्टरं सापडतात, असा माझा अनुभव आहे.

आणि आरसीच्या मागच्या पानावर हायर पर्चेसचा शिक्का आहे का ते बघा. कर्ज चाळीस वर्षांपूर्वी फिटलं, पण बोजा उतरवायचा राहून गेला. फायनान्स कंपनी बंद पडली किंवा दुसरीत विलीन झाली. नमुना 35 वर सही कोण करणार? विलीन झाली असेल तर आजच्या संस्थेकडून पत्र मिळवा. बंदच पडली असेल तर कार्यालयालाच लेखी विचारा की काय चालेल. तोंडी उत्तरावर पुढचा माणूस बांधील नसतो. या एका शिक्क्यापायी वर्ष गेलेले लोक आहेत.

विम्याचं त्रांगडंही असंच. अर्जाला पॉलिसी हवी, आणि विमावाल्याला चालू आरसी हवं. बॅकलॉग एंट्री आणि मालकी आधी उरकली की ही गाठ सुटते, म्हणून तोच क्रम ठेवा.

गाडी तपासणीला नेताना

चालवत नेऊ नका, फ्लॅटबेडवर न्या. जुनं पेट्रोल टाकीत राळ होऊन बसलेलं असतं, ब्रेकच्या तेलात पाणी मुरलेलं असतं आणि टायर फुगवल्यावर गोल दिसतात, एवढंच. स्टार्टर मारण्याआधी सिलिंडरमध्ये थोडं तेल सोडून क्रँक हाताने फिरतोय का ते पाहा. इंजिन सुरू झालं म्हणजे ब्रेक लागतील असं नाही.

अ‍ॅम्बेसेडरचं इंजिन निघालं तर

त्या गृहस्थांपुढे दोन वाटा होत्या. एक, 18जीबी इंजिन शोधून बसवायचं, त्याचं बिल जपायचं आणि मग व्हिंटेजसाठी जायचं. दुसरी, व्हिंटेजचा नाद सोडून साधी नोंदणी ठेवायची आणि बदललेलं इंजिन मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 खाली आरसीवर चढवून घ्यायचं. इंजिन बदलल्यावर ते 14 दिवसांत कळवायचं असतं. 1980 च्या आसपास बदललेल्या इंजिनाचे 14 दिवस कधीच उलटून गेलेत, पण म्हणून गप्प बसण्यापेक्षा स्वतःहून सांगितलेलं बरं.

त्यांनी दुसरी वाट धरली, कारण त्यांना रविवारी सकाळी गाडी फिरवायची होती. व्हिंटेज नोंदणीवर ते जमत नाही. प्रदर्शन, रॅली, तांत्रिक संशोधन, पेट्रोल भरणं आणि देखभाल, एवढ्यासाठीच गाडी रस्त्यावर येऊ शकते. रोजचा वापर नाही आणि धंदाही नाही. लग्नाच्या वरातीला भाड्याने देऊन वीस हजार वसूल करण्याचा बेत असेल, तर अर्ज भरण्याआधीच सोडून द्या.