मोठ्या इंजिनाचा पीळ जातो कुठे?

जुन्या ट्रकचं इंजिन चेनकप्पीने उचलून बाजूला ठेवलं की पुढे मोकळी जागा दिसते आणि मनात पहिला प्रश्न येतो: यात केवढं मोठं इंजिन मावेल? मग टेप निघतो. लांबी, रुंदी, बॉनेटपर्यंतची उंची मापली जाते. खाली तेलाचं चेंबर स्टिअरिंगच्या दांड्याला लागतंय का तेही पाहिलं जातं. मापायलाच हवं. पण घरी केलेली इंजिनबदली फसते ती सहसा टेपच्या मापात न येणाऱ्या कारणाने. मोठं इंजिन जास्त पीळ (टॉर्क, म्हणजे फिरवण्याचा जोर) देतं. हा पीळ चाकांकडे जातो, तसाच उलट्या दिशेने चासीकडेही जातो. या दोन्ही वाटांवरचा प्रत्येक भाग जुन्या इंजिनाचा हिशेब धरून घडवलेला असतो.

एक ठोस उदाहरण घेऊ. १९६०च्या दशकाच्या अखेरचे शेवरलेचे पिकअप ट्रक या कामासाठी फार लोकप्रिय आहेत. त्यांत सरळ रांगेतल्या सहा सिलिंडरांचं ४.१ लिटरचं इंजिन असायचं, आणि त्याच कंपनीचं ५.७ लिटरचं व्ही-८ (‘व्ही’च्या आकारात चार-चार सिलिंडरांच्या दोन रांगांचं) इंजिनही होतं. दोन्हींच्या पाठीवरची गिअरबॉक्सच्या बोल्टांची भोकं एकसारखी आहेत, म्हणून ही अदलाबदल सोपी मानली जाते. व्ही-८चा बोअर (सिलिंडरचा व्यास) १०१.६ मिलिमीटर आणि स्ट्रोक (पिस्टनची एका दिशेची धाव) ८८.४ मिलिमीटर. एका सिलिंडरचं आकारमान होतं सुमारे ७१७ घन सेंटिमीटर, आणि आठांचं ५,७३३.

आकारमान वाढलं की पीळ का वाढतो? कारण इंजिन मुळात हवेचा पंप आहे. एक ग्रॅम पेट्रोल नीट जळायला १४.७ ग्रॅम हवा लागते, त्यामुळे किती इंधन जाळता येईल हे आत किती हवा आली यावर ठरतं. टर्बो (हवा दाबून आत भरणारा पंखा) नसेल तर हवा आत ढकलणारं फक्त वातावरण आहे, आणि त्याचा दाब लहान-मोठ्या इंजिनाला सारखाच. म्हणूनच जुन्या कार्बोरेटरवाल्या इंजिनांत लिटरमागे साधारण ७० ते ७५ न्यूटन-मीटर पीळ मिळतो, मग सिलिंडर सहा असोत की आठ. ४.१ लिटरला सुमारे ३०० आणि ५.७ लिटरला सुमारे ४२० न्यूटन-मीटर. अश्वशक्तीचा आकडा सांगायला रुबाबदार वाटतो, पण अश्वशक्ती म्हणजे पीळ गुणिले फिरण्याचा वेग. लोखंड मोडतं ते पिळाने.

हे ४२० गिअरबॉक्समध्ये शिरतात आणि वाढून बाहेर पडतात. ओझ्याच्या कामासाठी बनवलेल्या जुन्या चार गिअरच्या खोक्यांत पहिला गिअर साडेसहापट असे. म्हणजे प्रॉपेलर शाफ्टवर (गिअरबॉक्सपासून मागे जाणारा लांब दांडा) २,७३०. पुढे डिफरन्शियलमध्ये (पीळ दोन्ही मागच्या चाकांना वाटणारा भाग) क्राउन-पिनियन या दातेरी चाकांच्या जोडीची पट ४.१ असेल, तर दोन्ही अ‍ॅक्सल मिळून ११,००० न्यूटन-मीटरच्या वर. जुन्या इंजिनाचा हाच हिशेब ८,०००वर थांबत होता.

आकडा पाहून वाटेल, पहिल्याच दिवशी अ‍ॅक्सल तुटेल. तसं होत नाही, कारण त्याआधी टायरची रस्त्यावरची पकड सुटते. रिकाम्या पिकअपच्या मागच्या चाकांवर ९०० किलो भार आहे असं समजा. कोरड्या रस्त्यावर टायरची पकड भाराच्या ८० टक्के धरली आणि चाकाची त्रिज्या ३६ सेंटिमीटर, तर दोन्ही चाकं मिळून रस्त्याला जेमतेम २,५०० न्यूटन-मीटर देऊ शकतात. त्यापुढे चाक जागच्या जागी फिरतं. घसरणारं चाक हा या सगळ्या साखळीतला फ्यूज आहे. इंजिन कितीही मोठं बसवा, रिकाम्या गाडीत हा फ्यूज उडतो आणि अ‍ॅक्सल वाचतो.

आता हौदात माल भरा. मागचा भार २,५०० किलो झाला की तोच हिशेब ७,०००वर जातो. फ्यूज जाड झाला. इंजिनबदलीनंतर महिनोन्‌महिने गाडी छान चालते, लोक म्हणतात ‘बघा, जुनी हाडं किती दणकट’, आणि मग एके दिवशी भरल्या गाडीने चढावर क्लच सोडताना मागून कडकन आवाज येतो, तो यामुळेच. चिखलात फिरणारं चाक अचानक कोरड्या खडकावर चढलं तर आणखी वाईट. फिरत्या चाकाची सगळी गती एका झटक्यात अ‍ॅक्सलवर येते.

गोल दांड्याबद्दल एक नियम इथे उपयोगी पडतो. त्याची पीळ सोसण्याची ताकद व्यासाच्या घनाने वाढते. ३० मिलिमीटरचा अ‍ॅक्सल ३३चा केला, तर व्यास वाढतो १० टक्के आणि ताकद ३३ टक्के. म्हणून मोठ्या इंजिनाबरोबर त्याच मॉडेलच्या जास्त वजनी ट्रकचा मागचा अ‍ॅक्सल आणला तर तो दिसायला थोडासाच जाड असतो, पण निभावतो खूप. क्लचचंही तसंच. प्रेशर प्लेटचा दाब आणि प्लेटची त्रिज्या यांवर त्याची पकड ठरते, आणि जुन्या क्लचवर नवं इंजिन बसवलं तर तो घसरून जळतो. तरी मी म्हणेन, क्लच जळणं परवडलं. तो वास येऊन सांगतो. अ‍ॅक्सल काही सांगत नाही.

आता दुसरी वाट, जी माझ्या मते या विषयातली सगळ्यात दुर्लक्षित गोष्ट आहे. न्यूटनचा तिसरा नियम शाळेत सगळ्यांनी पाठ केलेला असतो. शाफ्टला एका दिशेने पीळ दिला की इंजिनाला तेवढाच उलटा पीळ बसतो. प्रश्न आहे, तेवढाच म्हणजे किती? इंजिन आणि गिअरबॉक्स बोल्टांनी एकजीव झालेले असतात. म्हणून इंजिन चासीवर धरणाऱ्या माउंटिंगच्या रबरांना इंजिनाचा ४२०चा आकडा दिसत नाही, गिअरबॉक्समधून बाहेर पडणारा आकडा दिसतो. वरच्या भरल्या गाडीत टायर सुटण्याआधी शाफ्टवर १,७०० न्यूटन-मीटर येऊ शकतात. दोन बाजूंच्या माउंटिंगांत ६० सेंटिमीटर अंतर धरलं, तर एका बाजूवर सुमारे २९० किलोचा दाब आणि दुसऱ्या बाजूवर तेवढीच वरची ओढ. लोखंडी व्ही-८चं वजनच २६० किलोच्या आसपास असतं. म्हणजे एका बाजूने ते चक्क उचललं जातं.

बहुतेक इंजिनं समोरून पाहिलं तर घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरतात, म्हणून गाडीच्या डाव्या अंगाचं रबर ओढलं जातं आणि उजवं दाबलं जातं. रबर दाब छान सोसतं, ओढ नाही. १९७१च्या डिसेंबरात जनरल मोटर्सने सुमारे ६७ लाख गाड्या परत बोलावल्या, त्यांत शेवरलेच्या मोटारींबरोबर हलके ट्रकही होते. माउंटिंगचं रबर धातूपासून सुटत होतं, इंजिन उचललं जात होतं आणि उचलताना अ‍ॅक्सिलरेटरची जोडणी ओढून उघडी ठेवत होतं. या साखळीतला धोका नीट पाहा. इंजिन उचललं की थ्रॉटल (हवा आत सोडणारी झडप) उघडतो, थ्रॉटल उघडला की पीळ वाढतो, पीळ वाढला की इंजिन आणखी उचललं जातं. त्यावर उपाय केला तो साधा होता: इंजिनाला बांधून ठेवणारी पोलादी तारेची केबल. घरी इंजिन बदलताना जुनं, तेल प्यायलेलं, फुगलेलं रबर ‘अजून चालतंय’ म्हणून परत बसवू नये, ते याचसाठी. रबर तुटलं तरी बोल्टने अडकून राहील अशा रचनेचं माउंटिंग मिळतं. तेच घ्यावं.

बसवतानाच्या एका कामावर मात्र मी हात राखून वेळ देणार नाही, पूर्ण दुपार देईन. बेल हाउसिंग (इंजिन आणि गिअरबॉक्स यांना जोडणारं घंटेच्या आकाराचं कवच) इंजिनाला लावायचं, गिअरबॉक्स अजून लावायचा नाही. क्रँकच्या टोकावरच्या जड चकतीवर, म्हणजे फ्लायव्हीलवर, चुंबकाने डायल गेज (बारीक हालचाल दाखवणारं काट्याचं मापक) चिकटवायचं, त्याची सुई बेल हाउसिंगच्या मधल्या गोल भोकाच्या कडेला टेकवायची आणि क्रँक हाताने सावकाश फिरवायचा. भोक आणि क्रँक एकाच रेषेत असतील तर काटा हलत नाही. हलला, तर तो किती हलतो ते पाहायचं. पूर्ण फेरीत ०.१३ मिलिमीटरपर्यंतची हालचाल चालते, म्हणजे केसाच्या जाडीच्या जवळपास. याहून जास्त असेल तर गिअरबॉक्सचा पुढचा दांडा क्रँकच्या टोकातल्या पायलट बेअरिंगमध्ये किंचित वाकडा फिरतो. गिअर कडक पडतात, बेअरिंग आवाज करतं आणि लोक नव्या इंजिनाला दोष देतात. उपायाला लागतात फक्त केंद्र थोडं सरकवणाऱ्या दोन पिना.

इंजिनाची जागा किंवा उंची बदलली की प्रॉपेलर शाफ्टचा कोनही बदलतो. या शाफ्टच्या टोकांना असलेल्या युनिव्हर्सल जॉइंटचा (कोनातही फिरू देणारा क्रॉसचा सांधा) एक स्वभाव आहे: तो कोनात फिरला की आत एकसारखी गती असूनही बाहेरची गती प्रत्येक फेरीत दोनदा वाढते आणि दोनदा कमी होते. १० अंशांच्या कोनात हा फरक दोन्हीकडे दीड टक्का असतो, २० अंशांत सहा. मागच्या टोकालाही तेवढाच कोन ठेवला आणि दोन्ही टोकांचे काटे (जॉइंट धरणारे दुहेरी फाटे) एका रेषेत असले, तर दुसरा जॉइंट पहिल्याची चूक पुसून टाकतो. म्हणून गिअरबॉक्सचा मागचा दांडा आणि डिफरन्शियलचा पिनियन एकमेकांना समांतर हवेत. अगदी शून्य कोनही नको, कारण मग जॉइंटच्या बेअरिंगमधल्या सुया (सुईसारखे बारीक रोलर) जागेवरून हलत नाहीत आणि कपात खळगे पाडतात.

उष्णतेबद्दल ढोबळ नियम असा की इंधनातल्या ऊर्जेचा साधारण एक तृतीयांश भाग कामी येतो, एक तृतीयांश सायलेन्सरमधून जातो आणि उरलेला रेडिएटरला हवेत सोडावा लागतो. जास्त जाळलं तर जास्त सोडावं लागणार. जुना रेडिएटर सपाट रस्त्यावर पुरतो आणि घाटात हात टेकतो. पंख्याभोवतीचं कडं गळून पडलेलं असेल तर ते आधी बसवा, नाहीतर पंखा तीच गरम हवा गोल गोल फिरवत राहतो.

ब्रेकचं गणित तर कुणालाही सोडून चालणार नाही. वेगाची ऊर्जा वेगाच्या वर्गाने वाढते. ताशी ८०ने जाणारा ट्रक आता ताशी १००ने जाऊ लागला, तर थांबवताना ब्रेकना दीडपटीहून जास्त उष्णता गिळावी लागते. डिझेल बसवणाऱ्यांनी वजनही पाहावं. अमेरिकेत डॉज पिकअपांत १९८९पासून बसू लागलेलं कमिन्सचं ५.९ लिटरचं सहा सिलिंडरी डिझेल सुमारे ५०० किलोचं आहे. असं इंजिन हलक्या ट्रकच्या पुढच्या पाट्यांवर ठेवलं की गाडी नाक खाली घालते. आणि इंजिन बदललं की गाडीच्या कागदांवरही ते रीतसर चढवावं लागतं.

शेवटी एक वायर, जी हमखास विसरली जाते. इंजिन रबरावर बसलेलं असतं, म्हणजे विजेच्या दृष्टीने ते चासीपासून तुटलेलं असतं. बॅटरीचं ऋण टोक चासीला जोडलं आणि इंजिन ते चासी ही अर्थिंगची जाड पट्टी लावायची राहिली, तर सेल्फ मारताच शेकडो अँपिअरचा प्रवाह परतीची वाट शोधतो. ती त्याला सापडते अ‍ॅक्सिलरेटरच्या किंवा चोकच्या बारीक केबलमध्ये. सेल्फ रडत रडत फिरतो, केबलचं प्लास्टिक वितळतं, धूर निघतो. आपण मात्र बॅटरी बदलत बसतो. ज्या जागी ही पट्टी लागते तिथला रंग खरवडून चकचकीत धातू उघडा करायचा, मगच बोल्ट आवळायचा.

इंजिन चालू झालं, तेलाचा दाब आला, पाणी गळत नाही, असं झालं की पहिली फेरी रिकाम्या गाडीने छोटीच मारावी. शंभरेक किलोमीटरनंतर गाडी पूर्ण थंड होऊ द्या आणि माउंटिंगचे, बेल हाउसिंगचे, प्रॉपेलर शाफ्टच्या क्रॉसचे बोल्ट टॉर्क पान्याने पुन्हा पाहा. आवळलेला बोल्ट ही ताणलेली स्प्रिंग असते. खालचा रंग, गंज, गास्केट दबून बसले की तो ताण उतरतो, आणि बोल्ट जागेवर दिसत असूनही धरत नाही. त्यातल्या एखाद-दुसऱ्या बोल्टवर पाना नक्की थोडा पुढे सरकेल.