वाकलेले पोलाद आणि वाकलेले अ‍ॅल्युमिनियम

सोलापुरात अक्कलकोट रस्त्यावरील कारखान्यांकडे सायकलने जाणारा कामगार पडला, तर वाकलेले हँडल दुकानात पाइप घालून सरळ करून घेतो आणि दुसऱ्या दिवशी कामावर जातो. जड पोलादी सायकलींच्या काळात हे बहुधा निभावून जात असे. आता मात्र त्याच काळ्या रंगाखाली अ‍ॅल्युमिनियमही असते आणि दोन्ही धातू वरून सारखेच दिसतात. म्हणून आधी लोहचुंबक लावून पाहावा. चिकटला तर पोलाद, न चिकटल्यास हँडलच्या बाबतीत बहुधा अ‍ॅल्युमिनियम. (काही स्टेनलेस स्टीललाही चुंबक धरत नाही, पण ते प्रामुख्याने स्पोकमध्ये आढळते.)

पोलादाला ताणाची एक मर्यादा असते आणि त्याखालचे धक्के ते जवळजवळ अमर्याद वेळा सोसते. अ‍ॅल्युमिनियमला अशी मर्यादा नाही; त्यात प्रत्येक हिसक्याची झीज साठत जाते. वाकलेले अ‍ॅल्युमिनियमचे हँडल उलट्या दिशेने सरळ केले की त्याच जागी दुसऱ्यांदा ताण बसतो, सूक्ष्म तडे पडू शकतात, आणि स्टेमच्या (हँडल मधोमध धरून ठेवणाऱ्या भागाच्या) पकडीखाली ते दिसतही नाहीत. पुढे एखाद्या खड्ड्यात ते पूर्वसूचना न देता तुटते आणि स्वार तोंडावर आपटतो. वेल्डिंग हाही उपाय नव्हे, कारण ६०६१-टी६ सारख्या अ‍ॅल्युमिनियमच्या मिश्रधातूची ताकद उष्णता-प्रक्रियेतून आलेली असते आणि वेल्डिंगच्या आचेने सांध्यालगतचा भाग मऊ पडतो. असे हँडल कितीही सरळ दिसले तरी बदलावेच, असे माझे ठाम मत आहे.

याचा अर्थ पोलाद सरसकट सुरक्षित असा नाही. फ्रेमचा मागचा भाग थोडा सरकला असेल, तर जाणकार कारागीर तो जागेवर आणू शकतो. पण पुढचे चाक धरणारा चिमटा वाकला असेल, तर तो पोलादी असला तरी काढून टाकावा, कारण पुढच्या चाकाचा सगळा भार त्याच्यावर असतो. समोरून धडक बसली असेल, तर हँडलखालच्या उभ्या नळीच्या मागे, आडव्या व तिरप्या नळीच्या खालच्या बाजूने बोट फिरवावे. तिथे रंगाला सुरकुत्या किंवा फुगवटा लागला, तर नळी दबलेली असते.

बाद झालेले हँडल भंगारात देण्यापूर्वी करवतीने कापून दोन तुकडे करावेत, म्हणजे ते सरळ करून कोणी दुसऱ्याच्या सायकलीला बसवणार नाही.