टेक्स्चरचं चित्र बबल रॅपमध्ये गुंडाळण्याआधी एवढं वाचा

"चित्र नीट पॅक करून आणलंय, फक्त फ्रेम करून द्या." हे ऐकलं की आमच्या पोटात गोळा येतो. कारण नीट म्हणजे बहुतेक वेळा बबल रॅपचे फुगे थेट रंगावर आणि वरून करकचून टेप. अशी चित्रं सोडवण्यातच आमचा अर्धा दिवस जातो. फ्रेम उशिरा मिळते आणि राग आमच्यावर निघतो.

टेक्स्चरच्या, म्हणजे रंगाचा उंचसखल थर असलेल्या चित्रात, त्यातही एकरंगी अमूर्त चित्रात, बघायचं ते सगळं पृष्ठभागावर असतं. नाइफने (रंग लावायच्या बोथट पात्याने) ओढलेल्या जाड पेस्टची कड, ब्रशच्या केसांच्या रेघा, मध्येच उघडी राहिलेली कापडाची वीण, चकचकीत पट्ट्याशेजारचा मॅट पट्टा. फ्रेंच चित्रकार पिएर सुलाज यांनी १९७९ पासून अख्खे कॅनव्हास काळ्या रंगाने भरले, पण त्या काळ्यातल्या खाचांवरून उजेड परततो म्हणून आपण त्यांच्यासमोर थांबतो. खाच दबली की चित्रातलं काहीतरी गेलंच. फुलांच्या चित्रात एक ठसा पानाफुलांत खपून जातो, इथे त्याला लपायला जागा नाही.

मागे एक पांढरं चित्र आलं होतं. समोरून बघितलं तर स्वच्छ. टेबलावर आडवं ठेवून बाजूने दिवा धरला, तर डावीकडच्या वरच्या कोपऱ्यात एकसारख्या गोल चकत्या, ओळीने. मालकांना तो चित्रकाराचाच हात वाटला होता! ते बबल रॅपचे ठसे होते.

असं होतं कारण ॲक्रिलिक वाळतं, पण दगड होत नाही. पाणी उडून गेल्यावर मागे राहतं ते एक प्रकारचं प्लास्टिक, आणि नेहमीच्या तापमानाला ते जरा मऊच असतं. उन्हात उभ्या गाडीत आणखी मऊ. कडाक्याच्या थंडीत उलट ठिसूळ होऊन तडकतं. तेलरंगाचा जाड थर वरून साय धरतो, आत मात्र महिनोन्‌महिने ओला राहू शकतो. म्हणून जाड थराचं चित्र गुंडाळीही करून आणू नका.

"तेवढाच रंग लावून ठसा झाकून टाका ना," असंही सांगितलं जातं. आम्ही नाही म्हणतो, आणि ते आळसापोटी नाही. त्याच ट्यूबमधला रंग लावला तरी नव्या जागेची चमक वेगळी पडते, आणि एकरंगी चित्रात तो ठिगळासारखा दिसतो. अमेरिकन चित्रकार अ‍ॅड राइनहार्ट तेलरंगातलं बरंचसं तेल काढून टाकून आपली काळी चित्रं करायचे. त्या चित्रांवर बोट टेकलं तरी खूण राहते. खराब होऊन परत आलेली चित्रं ते स्वतः पुन्हा रंगवायला घेत. स्वतः चित्रकाराची ही गत, तर आम्ही ब्रश कशाला उचलायचा?

तर आणताना एकच बघा: पुढच्या बाजूला काहीही टेकता कामा नये. चित्राच्या चारही कोपऱ्यांना पुठ्ठ्याचे कोपरे लावा, टेक्स्चरच्या सगळ्यात उंच टोकापेक्षा उंच. त्यावर सपाट पुठ्ठा ठेवा, आणि बबल रॅप लावायचाच तर पुठ्ठ्याच्या बाहेरून. दोन चित्रं समोरासमोर ठेवू नका. हा खटाटोप नको असेल तर आमच्याकडे खाचांचा खोका आहे, आदल्या दिवशी घेऊन जा. फ्रेमचं काम आमच्याकडे असेल तर खोक्याचं भाडं नाही.

काचेबद्दल थोडक्यात. अशा चित्राला आम्ही शक्यतो काच सुचवत नाही, फ्लोटर फ्रेम सुचवतो, म्हणजे चित्राच्या कडेभोवती थोडी फट सोडून बसवलेली बिनकाचेची चौकट. धूळ फार असेल तर खोल बॉक्स फ्रेम, काच आणि उंच टोक यांत निदान ६ मिलिमीटर अंतर ठेवून. लाकूड जास्त लागतं, म्हणून ती महाग पडते. धूळ मऊ कोरड्या ब्रशने झटका, फडक्याने पुसू नका, त्याचे धागे टोकांत अडकतात.

आणि बबल रॅप आधीच चिकटला असेल तर ओढू नका. आहे तसंच, चित्राची बाजू वर ठेवून, आडवं घेऊन या. येण्याआधी फोन करा, म्हणजे टेबल रिकामं ठेवता येईल.