कॅसेटवरून फाइल करून नेणाऱ्यांसाठी: त्या दातेरी रेघांबद्दल

लग्नाची कॅसेट फाइल करून नेली, टीव्हीवर छान दिसते, पण कॉम्प्युटरवर अक्षता टाकताना सगळ्यांच्या हातांना कंगव्यासारखे दात फुटतात. ही तक्रार आमच्या काउंटरवर नेहमीची आहे. कॅसेट बिघडलेली नसते आणि आम्हीही घाई केलेली नसते.

व्हीएचएस असो की मिनी-डीव्ही, आपल्याकडची कॅसेट पाल (PAL) या टीव्ही-पद्धतीची. सेकंदाला २५ फ्रेम, पण प्रत्येक फ्रेम दोन हप्त्यांत टिपलेली: आधी एकाआड एक रेघा आणि १/५० सेकंदाने मधल्या उरलेल्या. याला इंटरलेस्ड म्हणतात, आणि एकेका हप्त्याला फील्ड. जुना पिक्चर ट्यूबचा टीव्ही रेघा त्याच क्रमाने काढायचा, आजचा टीव्ही आतल्या आत त्या जुळवून घेतो. कॉम्प्युटरवर मात्र दोन्ही हप्ते बऱ्याचदा एकदम समोर येतात. नवरा-नवरी स्तब्ध उभी असतील तोवर काही कळत नाही. अंतरपाट खाली आला की दात दिसू लागतात.

इथवर काहीच बिघडलेलं नसतं. बिघडतं ते घरी. एक गृहस्थ लक्ष्मी रोडच्या विसर्जन मिरवणुकीची फाइल घेऊन आले. त्यांनी एन्कोड करताना, म्हणजे फाइल नव्याने बनवताना, ‘प्रोग्रेसिव्ह’ (प्रत्येक फ्रेम एकाच वेळी पूर्ण टिपलेली) निवडलं, साइज १२८० बाय ७२० केली आणि जागा होत नाही म्हणून आमची मूळ फाइल उडवली! ढोलावर पडणारी टिपरं दोन-दोन दिसत होती, तीही धुरकट. डब्यावर साखर लिहिल्याने आतलं मीठ गोड होत नाही, तसंच हे सेटिंग. त्याने फक्त फाइलवरची चिठ्ठी बदलते. त्यात ५७६ रेघा ताणून ७२० केल्या की दोन हप्ते एकमेकांत कालवले जातात. मग आम्हालाही ते वेगळे काढता येत नाहीत, पुन्हा कॅसेटच लावावी लागते.

घरी करायचंच असेल तर आधी डीइंटरलेस, म्हणजे दोन हप्ते सुटे करणं, साइज नंतर. हँडब्रेक या फुकट सॉफ्टवेअरमध्ये फिल्टर्समध्ये जाऊन डीइंटरलेस आणि त्यात बॉब (प्रत्येक हप्त्याची वेगळी फ्रेम) घ्या, फ्रेम रेट ५० ठेवा. २५ ठेवलात तर अर्धी हालचाल गळते आणि मिरवणूक अडखळत चालते. आमची मूळ फाइल डीव्ही आहे, म्हणजे खालची फील्ड आधी. सॉफ्टवेअरने वरची धरली तर टिपरू पुढे-मागे थरथरतं. तसं दिसलं की क्रम उलटा करा. मोबाइलवर काढलेलं शूटिंग मुळातच प्रोग्रेसिव्ह असतं, त्याला हा फिल्टर लावू नका, उगाच बारकावे जातात.

आम्ही दोन फाइली देतो: मोठी मूळ डीव्ही, आणि मोबाइल-टीव्हीसाठी ५० फ्रेमची तयार, छोटी प्रोग्रेसिव्ह. ही दुसरी फाइल एकेक कॅसेट डोळ्यांनी तपासून होते, म्हणून दोन दिवस जास्त लागतात. “मोठी फाइल नको, तेवढे पैसे कमी करा,” असं बरेच जण म्हणतात. कमी होत नाहीत, कारण कॅसेट तर पूर्ण चालवावीच लागते. शिवाय पुढे कोणाला एडिटिंग करायचं झालं तर मोठीच लागते. छोटी मात्र बिनधास्त व्हॉट्सॲपवर फिरवा.

मूळ फाइल तासाला साधारण १३ जीबी होते. तासाभराच्या कॅसेटला ३२ जीबीचा पेन ड्राइव्ह आणा, एक्सफॅट फॉरमॅट केलेला. जुन्या फॅट-३२ फॉरमॅटवर ४ जीबीपेक्षा मोठी फाइल बसत नाही, आणि पेन ड्राइव्ह रिकामा करून देणं आमच्या दरात नाही.