३५१ विंडसर की ३५१ क्लीव्हलँड? १९७० ची मॅक १ घेण्याआधी

फोर्डची जुनी मस्टँग (मॅक १ हे तिचंच एक मॉडेल) विकणारा 'इंजिन ३५१ आहे' असं सांगतो, पण तेवढ्यावरून किंमत ठरवू नये. फोर्डची ३५१ घन इंचाची दोन वेगळी व्ही-८ इंजिनं होती. विंडसर १९६९ मध्ये आलं, ते कॅनडातल्या ओंटारिओमधलं. क्लीव्हलँड १९७० मध्ये आलं, ते ओहायोतलं. दोन्हींचा बोअर (सिलिंडरचा व्यास) ४ इंच, स्ट्रोक (पिस्टनची वर-खाली चाल) ३.५ इंच, आणि फायरिंग ऑर्डरही (सिलिंडर पेटायचा क्रम) एकच: १-३-७-२-६-५-४-८. घोटाळा होतो तो इथेच. आतली रचना मात्र इतकी निराळी आहे की एकाचा इनटेक मॅनिफोल्ड (कार्ब्युरेटरपासून सिलिंडरकडे हवा-पेट्रोल नेणारा भाग), वॉटर पंप किंवा क्रँक दुसऱ्याला बसत नाही.

१९७० च्या मॅक १ मध्ये सगळ्यात जास्त गोंधळ होतो. चॅसिस नंबरातलं पाचवं अक्षर इंजिनाचं असतं. 'एम' असेल तर प्रश्न मिटला, त्या वर्षी तो चार बॅरल (हवा आत घेणाऱ्या नळ्या) असलेल्या कार्ब्युरेटरचा क्लीव्हलँडच. (१९६९ च्या गाडीवर मात्र हाच 'एम' विंडसरसाठी आहे.) पण १९७० चा 'एच' म्हणजे दोन बॅरलचं ३५१, एवढंच. ते विंडसर असू शकतं किंवा क्लीव्हलँडही. कागदावरून कळत नाही, बॉनेट उघडावंच लागतं.

उघडल्यावर आधी टॅपेट कव्हरचे (हेडवरच्या झाकणाचे) बोल्ट मोजा. एका बाजूला ६ असतील तर विंडसर, ८ असतील तर क्लीव्हलँड. मग रेडिएटरचा वरचा होज कुठून निघतो ते बघा. विंडसरमध्ये थर्मोस्टॅटचं घर इनटेक मॅनिफोल्डच्या पुढच्या तोंडावर असतं, त्यामुळे होज तिथून सरळ पुढे येतो. क्लीव्हलँडमध्ये थर्मोस्टॅट ब्लॉकमध्येच बसतो आणि होज ब्लॉकवरून वर निघतो, इनटेकमधून पाणी फिरतच नाही. टायमिंग चेनसाठी विंडसरला ॲल्युमिनियमचं वेगळं कव्हर असतं. क्लीव्हलँडचा ब्लॉकच पुढे वाढवलेला असतो आणि त्यावर फक्त पत्र्याची सपाट प्लेट असते. रंग, स्टिकर आणि एअर क्लीनरवरची अक्षरं यांवर विसंबू नका, ती कोणीही बदलू शकतो.

खरा फरक हेडमध्ये आहे. विंडसरचे व्हॉल्व्ह एका ओळीत उभे असतात: इनटेक १.८४ इंच, एक्झॉस्ट १.५४ इंच. क्लीव्हलँडचे व्हॉल्व्ह तिरपे बसवलेले आणि मोठे: '२व्ही' हेडमध्ये इनटेक २.०४, '४व्ही' हेडमध्ये २.१९ इंच. आपल्याकडे बाइकवर ४व्ही लिहिलेलं असतं ते एका सिलिंडरला चार व्हॉल्व्ह या अर्थाने. फोर्डच्या या आकड्याचा त्याच्याशी संबंध नाही. तो कार्ब्युरेटरच्या बॅरलचा आहे, आणि क्लीव्हलँडच्या हेडच्या कोपऱ्यावर २ किंवा ४ असा ओतलेलाही असतो.

४व्ही हेड ऐकायला भारी वाटतं, पण शहरात चालवायच्या गाडीला मी ते सुचवणार नाही. इनटेक पोर्ट जवळपास २.५ बाय १.७५ इंचाचं आहे. कमी आरपीएमला त्यातून हवेचा वेग मंदावतो, गाडी सिग्नलवरून जोर धरत नाही, आणि मालक कार्ब्युरेटरला दोष देत बसतो. ही हेड वरच्या आरपीएमसाठी आहेत. २व्ही पोर्ट रस्त्यासाठी जास्त चांगलं. अमेरिकन २व्ही हेडचं ओपन चेंबर (इंधन जळायची पसरट, उघडी जागा) मात्र कम्प्रेशन वाढवलं की नॉकिंगला (इंधन अवेळी पेटून होणाऱ्या ठकठकीला) लवकर बळी पडतं. म्हणूनच ऑस्ट्रेलियन ३०२ घन इंची क्लीव्हलँडच्या बंद चेंबरच्या २व्ही हेडना मागणी असते.

क्लीव्हलँड घेणार असाल तर तीन गोष्टी आधीच हिशोबात धरा. पहिली थर्मोस्टॅट. याला बायपासचं (रेडिएटर टाळून जाणाऱ्या पाण्याच्या वाटेचं) भोक बंद करणारी खालची टोपी असलेला खास थर्मोस्टॅट लागतो, आणि त्याच्याखाली ब्लॉकमध्ये भोकाची एक पितळी चकती असते. विंडसरचा थर्मोस्टॅट टाकला किंवा चकती हरवली, तर गरम पाणी रेडिएटरला वळसा घालून परत इंजिनात जातं. नवा रेडिएटर टाकूनही गाडी तापत असेल तर आधी हे तपासा. दुसरी, ४व्ही हेडमधले कंपनीचे मूळ व्हॉल्व्ह दोन तुकडे जोडून केलेले आहेत. जुने झाल्यावर डोकं तुटून सिलिंडरमध्ये पडतं आणि पिस्टनसकट सगळं जातं. हेड उतरवलीत की एकसंध स्टेनलेस व्हॉल्व्ह टाकाच. तिसरी, सिलिंडरच्या भिंती पातळ आहेत. ०.०३० इंचापेक्षा जास्त बोअर करायचा झाला तर आधी भिंतींची जाडी अल्ट्रासॉनिकने मोजून घ्या.

तेलाच्या बाबतीत विंडसर सरस आहे. क्लीव्हलँडमध्ये तेलाची वाट टॅपेटच्या गॅलरीतून जाते, त्यामुळे सतत वरच्या आरपीएमला मेन बेअरिंगला तेल कमी पडू लागतं. रेसिंगवाले म्हणून कॅम बेअरिंगकडे जाणाऱ्या वाटेत रिस्ट्रिक्टर (तेलाचा प्रवाह कमी करणारा तुकडा) बसवतात. उलट विंडसरचे मेन जर्नल (क्रँकचे मेन बेअरिंगमध्ये फिरणारे भाग) ३ इंचाचे, क्लीव्हलँडचे २.७५, जाड जर्नल मजबूत असलं तरी वरच्या आरपीएमला घर्षण वाढवतं.

माझं मत विचाराल तर गाडी मूळ रूपात ठेवायची असेल आणि ब्लॉकवर ठोकलेला नंबर चॅसिसशी जुळत असेल, तर जे आहे तेच ठेवा, विंडसर असो वा क्लीव्हलँड. नंबर जुळत नसेल आणि रोज चालवायची असेल तर विंडसर. ते १९९० च्या दशकापर्यंत फोर्डच्या ट्रकमध्ये बनत होतं, त्यामुळे ब्लॉक, हेड, इनटेक सहज मिळतात. १९९४ नंतरच्या ब्लॉकमध्ये रोलर टॅपेट (टोकाला चाक असलेले, कमी घर्षणाचे टॅपेट) बसवायची सोयही आहे. अमेरिकेत क्लीव्हलँड १९७४ मध्येच बंद झालं.

आणि ८ बोल्ट मोजून लगेच पैसे मोजू नका. १९७५ पासून मोठ्या गाड्यांत आणि पुढे पिकअपमध्ये आलेलं ३५१एम बाहेरून क्लीव्हलँडसारखंच दिसतं. त्याचा ब्लॉक इंचभराहून जास्त उंच आहे, म्हणून क्लीव्हलँडचा इनटेक त्यावर बसत नाही. बेल हाउसिंगही (इंजिन आणि गिअरबॉक्स जोडणारं कवच) ४२९ आणि ४६० या मोठ्या इंजिनांच्या मापाचं असतं. मस्टँगमध्ये ते फॅक्टरीतून कधीच आलं नाही, तेव्हा दिसलं तर इंजिन नक्की बदललेलं आहे. किंमत त्याच हिशोबाने बोला.