‘ऑल्ट’ अवतरणचिन्हांत का अडकला?

वेबपानं ज्या एचटीएमएल भाषेत लिहितात, तिच्यात आयएमजी हा चित्राचा टॅग, म्हणजे खूण, लिहायचा, त्यातल्या एसआरसीत फाइलचा पत्ता द्यायचा, की पानावर चित्र आलं. अडतं ते ऑल्टपाशी, म्हणजे चित्र न दिसणाऱ्यासाठी त्याच टॅगमध्ये अवतरणचिन्हांत लिहायच्या मजकुरापाशी. त्याचं मूळ फेब्रुवारी 1993 मधल्या एका प्रस्तावात आहे.

मोझेक ब्राउझर तेव्हा तयार होत होता. तो लिहिणाऱ्या तरुण प्रोग्रॅमरने सुचवलेल्या टॅगमध्ये फाइलचा पत्ता एवढंच सक्तीचं होतं. बंद करणारा टॅग नव्हता. हरकती आल्या. कुणाला चित्रच नव्हे, कुठलीही फाइल आत घेणारा टॅग हवा होता. कुणी म्हणालं, लिंकच्याच टॅगला एक गुणधर्म जोडा. चर्चा रंगली, पण मोझेक आयएमजीसकट बाहेर पडला आणि लोकांनी तोच उचलला.

बंद करणारा टॅग नाही म्हणजे आत लिहायला जागाच नाही. चित्र न दिसणाऱ्याचा मजकूर मग अवतरणचिन्हांत कोंबावा लागला. 1995 च्या एचटीएमएल 2.0 मध्ये ऑल्ट ऐच्छिक होता. त्याच वर्षीच्या 3.0 च्या मसुद्यात ‘फिग’ नावाचा टॅग होता. त्याच्या पोटात परिच्छेद, यादी, लिंक असं काहीही लिहिता आलं असतं. तो मसुदा मुदत संपून बाद झाला. ही संधी हुकली याची हळहळ मला आजही वाटते.

1997 अखेरीस 4.0 ने ऑल्ट सक्तीचा केला, पण त्याचा अर्थ लोकांपर्यंत पोचला नाही. पुढे सर्वांत जास्त चाललेला इंटरनेट एक्सप्लोरर हा ब्राउझर चित्रावर माउस नेला की ऑल्टचा मजकूर पिवळ्या चौकटीत दाखवायचा. साहजिकच लोक त्यात गमतीची टीप लिहू लागले. ही सवय त्या ब्राउझरने 2009 मध्ये सोडली. आपण अजून पुरती सोडलेली नाही.

मराठीत ऑल्टला सर्रास ‘चित्राचं वर्णन’ म्हणतात. तिथेच घोळ होतो. तो वर्णन नाही, पर्याय आहे: चित्र काढून टाकलं तर त्या जागी काय लिहाल? फोनच्या चिन्हावर लिंक असेल तर ऑल्ट ‘फोन करा’ असा हवा, ‘हिरव्या फोनचं चित्र’ असा नको. नुसत्या शोभेच्या वेलबुट्टीला रिकामा ऑल्ट द्यावा, म्हणजे पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणारा स्क्रीन रीडर ती गाळून पुढे जातो. ऑल्ट लिहिलाच नाही तर अनेकदा फाइलचं नाव वाचलं जातं. ‘आयएमजी अंडरस्कोर दोन शून्य तीन चार’ कानावर पडल्यावर ऐकणाऱ्याने काय समजायचं?

एचटीएमएल 5 च्या वेळी हाच वाद पुन्हा पेटला. वापरकर्ते हजारो फोटो चढवतात, तिथे ऑल्ट कोण लिहिणार, म्हणून मसुद्यात काही ठिकाणी तो वगळायची मुभा आली. अपंगांच्या सोयीसाठी झटणाऱ्यांनी कडाडून विरोध केला, आणि मला तो रास्त वाटतो. एकदा पळवाट दिली की तीच राजरस्ता होते.

पडद्याच्या रुंदीप्रमाणे वेगळी फाइल देणारा एसआरसीसेट आला, 2019 पासून चित्र गरजेपुरतं उशिरा आणणारं ‘लेझी’ लोडिंग आलं. ऑल्ट मात्र होता तिथेच राहिला. मराठी पानावर हे विशेष जाणवतं. परिच्छेदातल्या एखाद्या इंग्रजी नावाला टॅग देऊन वेगळी भाषा लावता येते, मग ते नीट उच्चारलं जाऊ शकतं. ऑल्टच्या आत टॅग चालत नाहीत. त्या अख्ख्या मजकुराला एकच भाषा. ‘पुणे स्टेशनबाहेरचा फलक’ एवढं लिहून त्या फलकावरचं रोमन लिपीतलं नाव पुढे जोडलं, की ते कसं ऐकू येईल हे लिहिणाऱ्याच्या हातात उरत नाही.