उलटा धबधबा आणि गरुडांची मोजणी

पावसाळ्यात नाणेघाटाच्या उलट्या धबधब्याचे व्हिडिओ दरवर्षी फिरतात आणि खाली कुणीतरी "इथे गुरुत्वाकर्षण चालत नाही" असं ठोकून देतंच. चालतं हो, तुमच्या अंगणात चालतं तेवढंच तिथेही चालतं. कोकणातून आलेला जोराचा वारा कड्यावर आपटतो, पुढे वाट नाही म्हणून वर चढतो आणि पडणारं पाणी उचलून मागे फेकतो. मला तर हे चमत्कारापेक्षा भारी वाटतं, कारण अशाच चढत्या वाऱ्यावर शिकारी पक्षी दिवसभर जवळजवळ पंख न हलवता प्रवास करतात.

अमेरिकेत पेनसिल्व्हेनियामधे किटाटिनी नावाची लांबलचक डोंगररांग आहे, तिच्यावर हॉक माउंटन. तिथे १५ ऑगस्ट ते १५ डिसेंबर माणसं दुर्बिणी घेऊन खडकांवर बसतात आणि दक्षिणेला निघालेले हॉक, फाल्कन, गरुड मोजतात, मोसमाला साधारण १८ ते २० हजार. रांग ईशान्येकडून नैऋत्येकडे जाते, त्यामुळे थंडीची लाट येऊन गेली की वायव्येचा वारा तिच्यावर जवळजवळ काटकोनात धडकतो. त्या दिवशी मजा असते.

आता हिशोब बघा. पंख पसरून तरंगणारा पक्षी खरं तर सतत खालीच येत असतो, फक्त हळू, सेकंदाला साधारण १ मीटर धरा. वारा सेकंदाला १० मीटर आणि उतार असा की ५ मीटर आडवं गेलं की १ मीटर चढ, तर उताराला धरून वाहणारी हवा सेकंदाला २ मीटर वर चढते. हवा २ ने वर, पक्षी १ ने खाली, म्हणजे १ मीटर शिल्लक. पण त्याला उंची नकोच असते, त्याला दक्षिण गाठायचीय, मग तो पंख थोडे आवळतो, वेग वाढवतो, त्यामुळे जास्त वेगाने खाली यायला लागतो आणि ती शिल्लक तिथेच खर्च होते, म्हणजे उंची तेवढीच राहते आणि अंतर फुकटात कापलं जातं. शिवाय वारा बाजूने ढकलत असतो म्हणून तोंड थोडं वाऱ्याकडे, पुराच्या नदीत नावाडी नाव वरच्या अंगाला तिरकी धरतो ना, तसंच.

सप्टेंबरच्या मध्यात ब्रॉडविंग्ड हॉक येतात, त्यांची पद्धत वेगळी. ते आपल्याकडच्या दुपारच्या घारींसारखे तापलेल्या हवेच्या खांबात गोल गोल चढतात, शेकड्यांनी. घोळक्यात मोजायला गेलात की चुकलात, वर पोचून ते एकामागे एक पुढच्या खांबाकडे घसरत निघतात तेव्हा मोजायचे. आणि ऊन चांगलं असेल तर त्यांना डोंगर लागतच नाही, ते कुठूनही आणि इतक्या उंचावरून जातात की दिसतही नाहीत. म्हणजे आज कमी दिसले याचा अर्थ पक्षी कमी झाले असा होत नाही, कदाचित नुसता वारा बदलला असेल. म्हणून एकाच जागेवरून, एकाच पद्धतीने, वर्षानुवर्षं मोजायला लागतं.

पूर्वी याच खडकांवर लोक बंदुका घेऊन बसायचे, हॉक म्हणजे कोंबड्या पळवणारे दुष्ट अशी पक्की समजूत. १९३४ मधे रोझली एज या बाईंनी तो डोंगर आधी भाड्याने आणि मग विकतच घेतला, शिकार थांबवली आणि राखणीला ठेवलेल्या मॉरिस ब्राउन यांनी मोजणी सुरू केली.

ब्राउन नुसते आकडे लिहीत नव्हते, बाल्ड ईगल, म्हणजे पांढऱ्या डोक्याचा गरुड, तरुण की प्रौढ हेही लिहायचे (डोकं पूर्ण पांढरं व्हायला साधारण पाच वर्षं लागतात, त्यामुळे लांबूनही कळतं). वारा कसाही असो, दिसलेल्यांपैकी तरुण किती हे प्रमाण त्याने फारसं हलत नाही, आणि मला या सगळ्यात सगळ्यात आवडतं ते हेच. १९३५ ते ३९ मधे तरुण गरुड सुमारे ४० टक्के होते, १९५५ ते ५९ मधे २० टक्क्यांवर आले. प्रौढ येतायत पण पिल्लंच नाहीत! डीडीटी हे कीटकनाशक माशांमधून गरुडांच्या अंगात साठत होतं आणि पिल्लं बाहेर येईनाशी झाली होती. लेखिका रेचल कार्सन यांनी १९६२ मधे आपल्या पुस्तकातून हेच आकडे लोकांसमोर ठेवले. अमेरिकेत डीडीटीवर १९७२ मधे बंदी आली आणि आता त्याच खडकांवरून मोसमात बाल्ड ईगल शेकड्यांनी मोजले जातात.